आमचे पुरस्कार आमच्या घरातच आहेत

सुरुवात एका कबुलीने करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एक पुरस्कार विकत घेतला. फोन आला, "आपल्या सामाजिक कार्याची दखल घेऊन आपली निवड झाली आहे. नोंदणी शुल्क तीन हजार रुपये." आम्ही पैसे भरले. सभागृहात आमच्यासारखे आणखी पन्नास-साठ 'समाजभूषण' बसले होते. शाल, फेटा, स्मृतिचिन्ह, फोटो आणि लगेच पुढचे नाव. रात्री फोटो स्टेटसला ठेवला आणि अभिनंदनाचे मेसेज मोजत बसलो.

दोन दिवसांनी बोलता बोलता आईने सांगितले की त्याच दिवशी ती बँकेत गेली होती. साठीनंतर नातीच्या वहीत अक्षरे गिरवून ती सही शिकली. शेजारच्या ताईंना सोबत घेऊन तिने आधीच अर्ज केला होता आणि खात्यावर अंगठ्याच्या जागी सहीचा नमुना दिला होता. त्या दिवशी कॅशिअरने सवयीने शाईचे पॅड पुढे सरकवले. आई म्हणाली, "पॅड नको, पेन द्या."

आम्ही विचारले, "आई, त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुझा सत्कार होता ना रं. म्हटलं, आधी तुझं होऊ दे."

त्या दिवशी आमच्या घरात खरा पुरस्कार एकच आला होता आणि तो आमचा नव्हता. जिच्या अनेक पिढ्यांना अक्षर नाकारले गेले, त्या बाईने पेन मागून घेतले. आणि समाजकार्यासाठी फेटा बांधून घेणाऱ्या आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता!

आपल्या समाजाची रीत अशी नव्हती. १९०७ साली बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. आजच्या 'गुणवंत सत्कार' सोहळ्यात या गुणांना कोणी पुढची खुर्चीही दिली नसती. पण त्या काळी आपल्या मुलाने मॅट्रिक होणे म्हणजे काय, हे समाजाला माहीत होते. म्हणून अभिनंदनाची सभा भरली. अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले.

पुढे काय झाले, तेही पाहा. केळुसकर गुरुजींनी सयाजीराव गायकवाड महाराजांकडे भीमरावांच्या शिक्षणासाठी शब्द टाकला. बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडला. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर आपण जो हक्क बजावला, त्याच्यामागे हाच ठराव होता. आणि त्या पुस्तकाची आठवण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवली. देशाने त्यांना भारतरत्न दिले १९९० मध्ये, महापरिनिर्वाणानंतर ३४ वर्षांनी. समाजाने मात्र सोळा वर्षांच्या मुलाची मॅट्रिक ओळखली होती.

खरा सत्कार आणि विकतचा सत्कार यांत फरक आहे तो एवढाच. विकतचा सत्कार फोटो काढून संपतो. खरा सत्कार करणारा माणूस पुढच्या पायरीची जबाबदारी घेतो.

काही कार्यकर्ते म्हणतील, "म्हणजे आता लहानसहान गोष्टींत समाधान मानायचे? पद्म पुरस्कार, राज्य पुरस्कार त्यांच्यासाठीच सोडून द्यायचे?" मुळीच नाही. तिथला आपला वाटा हा प्रतिनिधित्वाचा प्रश्न आहे आणि तो विचारत राहिलेच पाहिजे. पण आपली किंमत ठरवण्याचा अधिकार तरी निवड समितीच्या हाती का द्यावा? ज्या व्यवस्थेने आपल्याला मोजलेच नाही, तिच्या मापाने आपण आपल्या आईला का मोजावे?

आणि हेही स्पष्ट सांगतो, प्रत्येक नवी गाडी आणि प्रत्येक फ्लॅट म्हणजे पुरस्कार नव्हे. वस्तीतून बाहेर पडताना मागचे दार लावून घेतले असेल, तर तो फक्त खासगी फायदा झाला. दारू सोडून वर्ष झालेला भाऊ, गावातून पहिल्यांदा शहरातल्या वसतिगृहात गेलेली मुलगी, हातातला झाडू मुलाच्या हाती जाऊ न देणारा सफाई कामगार बाप, जात न पाहता लग्न करून ताठ मानेने नांदणारे जोडपे, हे आमचे पुरस्कारप्राप्त लोक आहेत.

आता आमच्या विहारात एक साधी वही ठेवली आहे. रविवारी वंदना झाली की त्या आठवड्यात कोणाच्या घरी काय पहिल्यांदा घडले, ते नावासह लिहितो आणि सर्वांसमोर वाचतो. शाल नाही, शुल्क नाही. फक्त एक प्रश्न विचारतो, "आता पुढे काय? त्यासाठी आम्ही काय करू?" त्या वहीतली पहिली नोंद आईची आहे. 'पुढे काय' यावर ती म्हणाली, "वाचायला शिकायचंय." वस्तीतली अकरावीची एक मुलगी आता रोज संध्याकाळी तिला शिकवते.

तुम्हीही आज घरी गेल्यावर एवढेच विचारा, "आई, बाबा, या वर्षी तुम्ही पहिल्यांदा काय केलंत?" उत्तर ऐकून मान खाली गेली, तर जाऊ द्या. आमचीही गेली होती.

जयभीम!