हळदीचा उजेड

सोमवार, ८ जुलै
सकाळपासून झड लागली आहे. रात्रभर व्हॅक्यूममध्ये सुकवलेली लिपिडची फिल्म फ्लास्कला आतून धुक्यासारखी धरली होती. तिच्यावर कॅल्सीन या चमकणाऱ्या रंगाचा बफर घातला, गोठवलं, वितळवलं आणि एक्सट्रूडर हातात घेतला. समोरासमोर दोन काचेच्या सिरिंजा, मध्ये १०० नॅनोमीटर छिद्रांची चकती. द्रव इकडून तिकडे ढकलायचा, २१ वेळा. आकडा विषमच हवा, म्हणजे माल शेवटी पलीकडच्या सिरिंजमध्ये उतरतो आणि न गाळलेलं काही त्यात येत नाही. अंगठे भरून आले, पण गढूळ नारिंगी द्रव हळूहळू नितळ होताना बघायला मला अजून आवडतं.

रंग कोंडण्याची ही युक्ती जुनी आहे. १९७७ साली वाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी लायपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या पटलाच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये, असाच रंग कोंडला होता. आमचं कॅल्सीन आत ७० मिलिमोलर. इतक्या दाटीत त्याचा उजेड आपसातच विझतो. पटल फाटलं की रंग बाहेर पसरून पातळ होतो आणि हिरवागार चमकतो.

मंगळवार, ९ जुलै
बॅच गेली. चूक माझी. बाहेरच्या बफरमध्ये मीठ कमी पडलं, पाणी आत शिरलं, लायपोसोम फुगले आणि बाहेरचा रंग वेगळा करणाऱ्या कॉलमवरच गळायला लागले. उद्या पहिल्यापासून.

गुरुवार, ११ जुलै
प्लेट लावली. निम्म्या वेल्समध्ये जिवाणूंसारखं ऋणभारित पटल, निम्म्यांत फॉस्फॅटिडिलकोलीन आणि कोलेस्टेरॉल, म्हणजे आपल्या पेशींसारखं. आम्हाला हवंय ते पहिलं फोडणारं आणि दुसऱ्याला धक्का न लावणारं औषध. मधमाशीच्या विषातलं मेलिटिन नेहमीसारखं दोन्हींवर तुटून पडलं. शेवटी ट्रायटन हा डिटर्जंट घालून सगळं फोडायचं, तो आकडा १०० टक्के धरायचा.

हळदीतल्या कर्क्युमिनच्या रांगेत आकडे एकदम उसळले. "मॅडम, हळद चालली!" माझी विद्यार्थिनी खुर्चीतून उठलीच. मलाही क्षणभर भरून आलं. सांगलीकडची मी, हळदीच्या पोत्यांचा वास नाकात घेऊन वाढले.

रात्री आलेख पुन्हा काढला. मेलिटिनचा उजेड चढत जातो, त्याला मिनिटं लागतात. हळदीचा मात्र पहिल्याच रीडिंगला आला आणि तिथेच थांबला. शिवाय दोन्ही पटलांवर सारखाच. फुटणारी वस्तू अशी फुटत नाही.

शुक्रवार, १२ जुलै
रंग न भरलेले लायपोसोम घेतले, त्यांत कर्क्युमिन घातलं. उजेड! नुसत्या बफरमध्ये ते जेमतेम मिणमिणलं. म्हणजे पाण्यात मंद असणारं कर्क्युमिन मेदाच्या पटलात शिरलं की स्वतःच चमकतं. ते मुख्यतः ४२५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, पण त्याचं शेपूट आमच्या फिल्टरच्या पट्ट्यात येतं, आणि त्याची हिरवी झाक कॅल्सीनच्या ५१५ला जाऊन मिळते. यंत्राला दोन्ही उजेड सारखेच.

पोरगी हिरमुसली. मी तिला म्हटलं, तू आज हळदीवरचा एक खोटा आळ दूर केलास. कौतुकाचा असला तरी आळच तो.

शनिवार, १३ जुलै
घरी बसून इंगॉल्फसन आणि अँडरसन यांचा २०१४चा लेख पुन्हा वाचला. त्यांनी लायपोसोममध्ये चमकणारा रंग ठेवला, पटलात ग्रामिसिडिन बसवलं आणि बाहेरून थॅलियम सोडलं. ग्रामिसिडिनचे दोन अर्धे तुकडे जुळले तरच बोगदा होतो, त्यातून थॅलियम आत जातं आणि उजेड विझवतं. विझण्याचा वेग बदलला, तर पटलाचा ताठपणा बदलला. कर्क्युमिननं तो बदलला, मिरचीतल्या कॅप्सेसिननंही. पटल न फोडता असं काही होत असेल, तर त्यात बसलेली कितीतरी प्रथिनं एकदमच डळमळतील. मग 'हळद अमुक प्रथिनावर काम करते' असं छातीठोक लिहिण्याआधी पटलाची चौकशी करायलाच हवी. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

सोमवार, १५ जुलै
रंग बदलला. सल्फोऱ्होडामीन बी, तांबडा. तोही दाटीत विझतो, पण कर्क्युमिनच्या पट्ट्यापासून लांब. मेलिटिन चढलं. हळदीची रेघ जवळजवळ सपाट, सर्वांत जास्त मात्रेला किंचित वर. ती किंचित चढण खरी की कसं, हे बघायला उद्या तीच मात्रा सहा वेल्समध्ये.

विद्यार्थिनीनं प्लेटच्या तक्त्यात शेवटची रांग पेनानं चौकटीत घेतली आणि वर लिहिलं: 'रिकामे लायपोसोम, कायम'.