खिडकीच्या फटी

आमच्या ग्वाल्हेरची थंडी पाहुण्यांना खरी वाटत नाही. येथील उन्हाळ्याची ख्याती त्यांनी ऐकलेली असते; परंतु पौष-माघात उत्तरेचे गार वारे सुटले की पहाटे पारा चार-पाच अंशांवर उतरतो, हे त्यांच्या गावी नसते. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी येथे पडली आणि तिचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. त्या वस्तीतील इतर जुन्या मराठी घरांसारखेच आमचे घर आहे. जाड भिंती, उंच छत आणि सागवानी चौकटींच्या मोठ्या खिडक्या. उन्हाळ्यात या खिडक्यांचा मोठा आधार वाटतो. हिवाळ्यात मात्र त्यांच्या फटींतून शिरणारा वारा अंगाला सुईसारखा टोचतो.

गेल्या हिवाळ्यात आईची गुडघेदुखी फार बळावली. तिची खोली उत्तरेच्या अंगाला. एका रात्री मी उदबत्ती पेटवून तिच्या खिडकीच्या कडेकडेने हळूहळू फिरविली. सरळ वर जाणारा धूर तीन-चार ठिकाणी एकदम खोलीत वळला. सकाळी उजेडात पाहिले, तर काचांभोवतीची लांबी वाळून भेगाळली होती आणि झडपा चौकटीवर टेकतात तेथे डकविलेली नमद्याची पट्टी कसरीने खाऊन टाकली होती.

ही लांबी १९७८ साली वडिलांनी स्वतः भरली होती. मी तेव्हा लहान होतो. खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळण्याचे काम माझ्याकडे असे. "बोटांना चिकटेनाशी होईपर्यंत मळ," असे ते बजावीत. एवढ्या वर्षांनी त्या रविवारी मी पुन्हा तीच लांबी मळावयास बसलो. जुनी लांबी पटाशीने खरवडून काढली. उघड्या पडलेल्या लाकडाला आधी तेलाचा हात दिला. नाहीतर कोरडे लाकूड लांबीतले तेल पिऊन टाकते आणि ती पुन्हा तडकते. झडपांना नमद्याऐवजी रबराची चिकट पट्टी लावली. ती आणण्यापूर्वी फट मोजून घेतली होती, कारण पट्टी जाड झाली तर झडप मिटत नाही आणि पातळ झाली तर वारा अडत नाही. संध्याकाळी पुन्हा उदबत्ती फिरविली. धूर सरळ वर गेला. मला मोठी धन्यता वाटली.

त्या धन्यतेत मी एक गोष्ट साफ विसरलो. आई निजताना खाटेजवळ कोळशाची लहानशी शेगडी ठेवीत असे. वर्षानुवर्षांची सवय, आम्हां कोणाला तिचे काही वाटत नसे.

तिसऱ्या दिवशी सकाळचे सात वाजले तरी तिच्या खोलीतून हाक आली नाही. दार लोटून आत गेलो, तर ती जागी होती, पण तिला उठवत नव्हते. डोके फुटते आहे, मळमळते आहे, एवढेच कसेबसे म्हणाली. आम्ही तिला उचलून ओसरीवर मोकळ्या हवेत आणले आणि तसेच रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "खोलीत शेगडी होती का?" मी मान खाली घातली.

धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने बिलगतो आणि झोपेतल्या माणसाला जाग येण्याची संधीही देत नाही. दर हिवाळ्यात शाळेच्या प्रार्थनेनंतर मी मुलांना हेच सांगत आलो आहे. इतकी वर्षे ज्या फटींना मी दूषणे दिली, त्यांतून थोडीफार हवा खेळत होती आणि घरातला धोका आम्हांला जाणवत नव्हता. मी फटी बुजविल्या, शेगडी मात्र तशीच राहू दिली.

प्राणवायू दिल्यावर आई दुपारपर्यंत सावरली. दोन दिवसांनी घरी आली. शेगडी आता अंगणात असते. संध्याकाळी सारे तिच्याभोवती बसतो आणि निजण्यापूर्वी ती विझवितो. आईच्या पांघरुणात गरम पाण्याची पिशवी असते आणि छताजवळचा झरोका उघडा असतो. खिडकी जराशी किलकिली ठेवून शेगडीजवळ निजले तर चालेल, असे कोणी म्हणाले तर कृपा करून ऐकू नका. फटी जरूर बुजवाव्या. पण त्याआधी खोलीतला विस्तव बाहेर काढावा.

परवा आईने खिडकीवरून हात फिरविला आणि म्हणाली, "लांबी यांच्यासारखीच भरलीस रे." मग थोडे थांबून म्हणाली, "पण ते आधी शेगडी उचलून ठेवीत."