स्वस्त सेन्सरचा आकडा कितपत मानावा?

लक्ष्मीपूजनाच्या रात्री दोन ॲप उघडली, की एकाच चौकातल्या हवेचे दोन वेगळे आकडे दिसतात. यातला खरा कोणता, हा प्रश्न हवेच्या मापनात काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांना दिवाळीत हमखास ऐकायला मिळतो. उत्तराचा एक भाग निव्वळ मोजपट्टीचा आहे. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे सूक्ष्म कण, दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असतील, तर भारतीय निर्देशांक १०० येतो आणि अमेरिकी निर्देशांक दीडशेच्या पुढे जातो. दुसरा भाग मात्र यंत्राच्या पोटात आहे.

काडेपेटीहून जरासा मोठा सेन्सर उघडला, तर आत एक इवला पंखा, लेझर आणि प्रकाश टिपणारा डायोड एवढेच सापडते. पंखा हवा आत ओढतो, लेझरचा झोत कणांवर आदळून विखुरतो आणि त्या विखुरलेल्या उजेडावरून कण किती व केवढे, याचा अंदाज बांधला जातो. असा सुटा सेन्सर दोन-चार हजार रुपयांत मिळतो. सरकारी केंद्रातले ‘बॅम’ यंत्र फिल्टरच्या पट्टीवर कण जमवते, कार्बन-१४ चे बीटा किरण त्या थरातून सोडते आणि किती किरण अडले यावरून कणांचे वस्तुमान काढते. त्याची किंमत लाखांत. संपूर्ण केंद्र उभारायचे, तर खर्च कोटीच्या घरात जातो.

इथेच घोळ होतो. दमट हवेत मिठाचे, सल्फेटचे कण पाणी शोषून फुगतात. बॅममध्ये येणारी हवा नळीतच तापवून त्यातला ओलावा कमी केला जातो. स्वस्त सेन्सरमध्ये बहुधा ही सोय नसते, त्यामुळे धुक्याच्या पहाटे त्याचा आकडा उगाच चढतो. उलट रस्त्यावरची आणि बांधकामाची जाडी धूळ त्याला नीट दिसतच नाही. म्हणून पीएम १० साठी त्याच्यावर विसंबू नये.

यावरचा उपाय कष्टाचा आहे, पण अवघड नाही. सेन्सर आधी काही आठवडे सरकारी केंद्राच्या शेजारी ठेवायचा, दोघांचे आकडे ताडून पाहायचे आणि दुरुस्तीचे सूत्र काढायचे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ‘पर्पलएअर’ सेन्सरसाठी असेच सूत्र बसवले. त्यात कच्च्या आकड्याला साधारण ०.५२ ने गुणतात आणि आर्द्रतेपोटी आणखी वजाबाकी करतात. वणव्यांच्या धुराच्या नकाशात त्या सेन्सरचे आकडे अशी दुरुस्ती करूनच दाखवले जातात.

पण ते सूत्र तिकडच्या हवेचे. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेला ते जसेच्या तसे चालत नाही.

म्हणूनच महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी नोव्हेंबर २०२० ते मे २०२१ या काळात मुंबई महानगर प्रदेशात केलेला प्रयोग मोलाचा ठरतो. त्यात चार भारतीय नवउद्योगांचे ४० सेन्सर मंडळाच्या १५ केंद्रांवर, मूळ यंत्रांच्या शेजारी बसवून तपासले गेले. आयआयटी कानपूरने पुढे उत्तर प्रदेश आणि बिहारच्या ग्रामीण भागात सुमारे १४०० सेन्सरचे जाळे उभारले. अखंड मापन करणारी सरकारी केंद्रे बहुतांशी शहरांत आहेत. उसाचे पाचट जिथे पेटते, वीटभट्ट्या जिथे धुमसतात, त्या गावांची हवा एरवी कुणाच्या नोंदीतच येत नाही. तिथे एकेक कोटीचे केंद्र पोचायची वाट पाहण्यापेक्षा नीट तपासलेला स्वस्त सेन्सर आजच लावणे शहाणपणाचे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शाळेत, सोसायटीत किंवा ग्रामपंचायतीत सेन्सर बसवायचा असेल, तर विक्रेत्याला तीन गोष्टी जरूर विचारा. तो कोणत्या केंद्राशेजारी तपासला? किती आठवडे? आणि पावसाळ्यानंतर पुन्हा कोण तपासणार? याची उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय पैसे मोजू नका.