दोन कळांच्या मध्ये

डॉक्टरांनी फाइलवर तारीख लिहून दिली की घरातलं कॅलेंडर पोटातल्या बाळाच्या मालकीचं होतं. माझी तारीख आईने कालनिर्णयावर लाल पेनने गोल करून ठेवली होती. त्याच आठवड्यातल्या दुसऱ्या चौकोनात गॅसचा नंबर लावल्याची नोंद होती. सिलिंडर वेळेवर आला. बाळ आलं नाही. शेजारच्या काकू रोज संध्याकाळी फाटकातूनच विचारायच्या, "काय गं, अजून नाही?" आणि मी उगाचच ओशाळायचे.

ती तारीख काढण्याच्या रीतीला हायडेलबर्गच्या फ्रान्झ नेगेले या प्रसूतितज्ज्ञाचं नाव चिकटलं आहे. एकोणिसाव्या शतकातला माणूस. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरायचा, त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे, झाले २८० दिवस. आपल्या आज्या 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणत आल्या. त्यांना हायडेलबर्ग ठाऊक नव्हतं, तरी हिशेब चुकला तो दोनच दिवसांनी. पण नेमक्या दिलेल्या दिवशी शंभरातली चार-पाचच बाळं येतात. बाकीची बहुतेक सदतीस आठवडे भरल्यापासून बेचाळीस भरेपर्यंत मनाला येईल तेव्हा येतात आणि त्यात कुणाचीच चूक नसते. एवढं सरळ सांगून का टाकत नाहीत, असा मला प्रश्न पडायचा. आता वाटतं, ते कुणाला चालणारच नाही. नवऱ्याला रजा टाकायची असते, सासूबाईंना एसटीचं रिझर्व्हेशन करायचं असतं. तारीख पोटातल्यासाठी नसतेच, ती बाहेरच्यांसाठी असते.

पहिलं बाळंतपण, म्हणून मी कऱ्हाडला माहेरी होते. आषाढ होता, पाऊस नुसता कोसळत होता. एका रात्री कळा आल्या आणि पहाटे निघून गेल्या. पुढच्या दिवशी दुपारी पुन्हा आल्या त्या थांबेनात. प्रसूतिगृहात सिस्टरने तपासलं आणि म्हणाली, "दोन बोटं उघडलंय. वेळ आहे." हे 'वेळ आहे' पुढे रात्रभर ऐकलं. नातेवाइकांनी आत यायचं नाही असा तिथला नियम होता. त्यामुळे आईला दाराबाहेरच्या बाकावर बसवलं. तिची तीन बाळंतपणं झालेली, माझं पहिलंच. जिला सगळं माहीत होतं ती दाराबाहेर आणि जिला काहीच माहीत नव्हतं ती आत.

कळेबद्दल मला सगळ्यांनी सांगितलं होतं. ती कमरेतून निघते, ओटीपोट आवळत पुढे येते, चढते, शिगेला पोचते आणि उतरते. मिनिटभराचा खेळ. सांगितलं होतं त्याहून ती वाईटच होती, त्यात नवल नाही. पण मधल्या वेळाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. कळ उतरली की काहीच दुखत नाही. थोडंसं दुखतं असंही नाही, काहीच नाही. पंखा ऐकू येतो, पावसाचा आवाज येतो, पलीकडच्या खाटेवरची बाई पाणी मागते आहे हे कळतं. त्या दोन-तीन मिनिटांत मी चक्क झोपायचे. एकदा तर स्वप्नही पडलं, त्यात मी एसटीत बसले होते आणि कंडक्टर सुटे पैसे मागत होता. मग पुन्हा कमरेतून चाहूल लागायची.

पुढे त्या मधल्या वेळाबद्दल मी मिळेल तिथून वाचलं. गर्भाशयाचा स्नायू इतर स्नायूंसारखा वागत नाही. दंडाचा स्नायू आवळतो आणि सोडला की मूळ लांबीवर येतो. गर्भाशयाच्या वरच्या भागातले तंतू कळेनंतर सैल पडतात खरे, पण पूर्वीच्या लांबीला येत नाहीत, जरासे आखूडच राहतात. असं कळेमागून कळ होत वरचा भाग जाड होत जातो, खालचा पातळ होतो आणि पिशवीचं तोंड वर खेचलं जाऊन उघडत जातं. झबल्याचा गळा बाळाच्या डोक्यावरून ओढावा तसं, फक्त इथे गळा दहा सेंटिमीटर उघडावा लागतो. म्हणजे कळ गेली तरी तिने केलेलं काम जात नाही. बाहेरून दिसायला बाई नुसती पडलेली असते.

आणखी एक गोष्ट वाचली, ती मला फार आवडली. कळ शिगेला असते तेव्हा गर्भाशयाच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि वारेकडे येणारं आईचं रक्त कमी होतं. कळ उतरली की ते पुन्हा नीट वाहायला लागतं. मी डुलकी घेत होते तेव्हा आत बाळाचा प्राणवायू भरला जात होता. ती उसंत दोघांची होती. कळांचं औषध सलाइनमधून देताना थेंब मोजावे लागतात ते यासाठीच. कळा फार जवळजवळ आल्या तर आईचे हाल होतातच, पण बाळाला दम खायला जागा उरत नाही. ते औषध म्हणजे ऑक्सिटोसिन. शरीरात आपोआप तयार होणारं हे द्रव्य व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ साली प्रयोगशाळेत बनवलं आणि १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्याच १९५५ साली न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल फ्रीडमन यांनी पाचशे पहिलटकरणींच्या प्रसूतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. किती तासांत पिशवीचं तोंड किती उघडतं, याचा त्यांनी आलेख काढला. त्या पाचशेंपैकी पुष्कळजणींना गुंगीचं औषध दिलेलं होतं, हे मात्र आलेखात दिसत नाही. पुढे १९७२ साली, तेव्हाच्या ऱ्होडेशियात म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी त्यावर दोन तिरक्या रेघा मारल्या. एक सावध होण्याची, दुसरी तिच्यापुढे चार तासांवर, काहीतरी करण्याची. माझ्या खाटेच्या पायथ्याशी तोच कागद लटकत होता. सिस्टर तपासायची आणि त्यावर फुली मारायची. माझ्या फुल्या रेघेच्या उजवीकडे सरकत होत्या, म्हणजे मी मागे पडत होते. बाळाचे ठोके उत्तम होते, पण खोलीतल्या चेहऱ्यांवर नापसंती होती. सकाळच्या आत उरकेल का, असं कुणीतरी कुणाला तरी विचारलं. ते माझ्याबद्दल होतं.

मला त्या रेघांचा राग यायचा. मग आजीची धाकटी जाऊ आठवते. ती अडली तेव्हा असाच पावसाळा होता. दोन रात्री काढल्या तिने. सुईण हातगुणाची होती, पण ओढ्याला पाणी होतं आणि बैलगाडी पलीकडे जाईना. आजी हे सांगताना तिचं नाव कधी घ्यायची नाही, 'अडली बिचारी' एवढंच म्हणायची. त्या दोन रेघा अशा बायकांसाठी मारलेल्या आहेत. आडगावच्या केंद्रातल्या नर्सला वेळेत कळावं, ओढा भरायच्या आत बाईला मोठ्या दवाखान्यात पोचवता यावं, म्हणून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ साली देशातली ३८.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यांत होत होती, २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के. घरच्या बाळंतपणाचे, अंधाऱ्या खोलीचे आणि सुईणीच्या हाताचे गोडवे हल्ली शहरात ऐकू येतात, ते मला ऐकवत नाहीत. गोडवे गाणाऱ्यांच्या घरापासून दवाखाना दहा मिनिटांवर असतो.

घोळ झाला तो वेगळाच. धोका ओळखण्यासाठी मारलेली रेघ पुढे वेळापत्रक होऊन बसली. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटलं, की तासाला एक सेंटिमीटर हा वेग सगळ्याच बायकांकडून अपेक्षिणं वास्तवाला धरून नाही आणि आई-बाळ ठीक असतील तर केवळ तेवढ्यावरून घाई करू नये. खरा वेग पाच सेंटिमीटरनंतर धरावा, असंही सांगितलं. मी त्याच्या कितीतरी आधी बाळंत झाले. आता वाचून काय उपयोग, पण वाचलं तेव्हा कुणीतरी माझी बाजू घेतल्यासारखं वाटलं, हे खरं.

दोन वाजून गेले असतील. कामाला एक मावशी आल्या. फरशी पुसता पुसता त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोछा बाजूला ठेवला, हात धुतले आणि कमरेवर बरोबर जिथे हवी तिथे मूठ दाबून धरली. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांच्या कामात ते बसतही नव्हतं. कळ उतरली की त्या बोलायच्या. ज्वारीचे भाव, जावयाची नोकरी, थोरल्या लेकीला तीन दिवस लागले होते ते. 'वेळ आहे' असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. प्रत्येक कळ उतरली की म्हणायच्या, "ही गेली. ही काय परत यायची नाही." आखूड राहणाऱ्या तंतूंबद्दल मी पुढे वाचलं ते त्यांनी त्या रात्रीच सांगितलेलं होतं.

मावशींना कसलंही प्रशिक्षण नव्हतं. ग्वाटेमालातल्या एका दवाखान्यात संशोधकांनी हेच करून पाहिलं आणि १९८० साली प्रसिद्ध केलं. काही पहिलटकरणींना नेहमीच्या पद्धतीने एकटं ठेवलं, काहींच्या जवळ एक साधी, ओळखीचीही नसलेली बाई बसवली. तिने पाठ चोळायची, हात धरायचा, बोलायचं. जिच्याजवळ कुणी होतं तिची सुटका निम्म्याहून कमी वेळात झाली. पाहणी लहान होती, पण पुढे निरनिराळ्या देशांत मिळून पंधरा हजारांवर बायकांचे अनुभव तपासले गेले. फरक इतका मोठा निघाला नाही, कौल मात्र तोच आला. सोबत असली की प्रसूती लवकर होते आणि सिझरं कमी होतात. आपल्याकडे २०१६ साली केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ एक बाई राहू द्यावी, असं ठरवलं. अट अशी, की तिला स्वतःला बाळंतपणाचा अनुभव हवा. ही अट लिहिणाऱ्याचं मला कौतुक वाटतं. माझी आई त्या अटीत तीनदा बसत होती.

सोबतीचा विषय निघाला की मला आनंदीबाई जोशी आठवतात. त्या चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या. मुलगा दहाच दिवस जगला. १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टरकीची पदवी घेताना त्यांनी प्रबंधाला विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. शाळाशाळांतून त्यांची गोष्ट सांगतात ती बोटीची, जिद्दीची आणि नवऱ्याच्या, गोपाळरावांच्या हट्टाची. मला त्या गोष्टीत दिसते ती बाजेवर पडलेली पोर, जिने पुढे बाजेशेजारी उभं राहण्याचं शिक्षण घेतलं.

उजाडता उजाडता पाणमोट फुटली आणि मग सगळंच भराभर झालं. त्यातलं फारसं सांगण्यासारखं नाही. सगळ्यांनी एकदम ओरडून सांगितलं की जोर लावा, नंतर सांगितलं की आता लावू नका, आणि दोन्ही करणं तेवढंच अवघड होतं. लेक आली ती डोकं लांबुडकं घेऊनच. वाटेत कवटीची हाडं एकमेकांवर सरकतात म्हणून, दोन दिवसांत ते गोल होतं. तिला माझ्या छातीवर ठेवलं तेव्हा आनंद वगैरे आधी नाही झाला. आधी वाटलं, आता कळ येणार नाही. आनंद मागून आला, आणि तो आजतागायत आहे.

लोक म्हणतात, बाळाचं तोंड पाहिलं की बाई सगळं विसरते. मी विसरलेले नाही. माझ्या ओळखीतली कुणीच विसरलेली नाही. चार बायका जमल्या आणि विषय निघाला की साठीतलीसुद्धा खाट कुठल्या भिंतीला होती ते सांगते. विसरते म्हटलं की पुढचं काही विचारावं लागत नाही, एवढाच त्याचा उपयोग. आठवणीमुळे लेकीवरची माया तसूभर कमी झालेली नाही, मग विसरण्याचा आग्रह कशाला?

बाळ आल्यावरही एक वाट पाहणं उरतं, ते चित्रपटात कधी दाखवत नाहीत. वार पडायची असते. अर्ध्या तासाच्या आत ती पडावी लागते, नाहीतर सगळ्यांचे चेहरे पुन्हा बदलतात, कारण बाळंतिणीला रक्तस्रावाचा धोका असतो तो तेव्हा. मला हे माहीत नव्हतं. मी लेकीची बोटं मोजत होते आणि माझ्या पायाशी डॉक्टर घड्याळाकडे बघत होत्या. त्या घड्याळाबद्दल माझी काही तक्रार नाही.

भावाच्या मुलीचे आता दिवस भरत आलेत. परवा तिचा फोन आला, "आत्या, खरी कळ ओळखायची कशी गं?" मला सगळ्यांनी 'कळेल आपोआप' असं सांगितलं होतं. ते उत्तर मी तिला दिलं नाही. म्हटलं, उठून चाल, कूस बदल, कोमट पाण्याने अंघोळ कर, त्याने ओसरली तर खोटी. मधलं अंतर कमी होत गेलं आणि जोर वाढत गेला तर बॅग उचल. पाणी गेलं, लाल गेलं किंवा बाळ नेहमीसारखं हलत नाही असं वाटलं, तर कळेची वाटही बघू नकोस, सरळ निघ.

तिच्या दवाखान्यात एकीला आत येऊ देतात. वहिनीला रक्त बघवत नाही, म्हणून तिने माझं नाव लिहून दिलंय.

"तू आत येऊन करणार काय?"

"कंबर दाबेन."

"आणि?"

"गप्पा मारेन. ज्वारीचे भाव सांगेन."

"त्यापेक्षा लांब वायरचा चार्जर आण," ती म्हणाली. "तिथले प्लग खाटेपासून लांब आहेत, मी बघून आलेय."