नागपूरहून समुद्राकडे

लांब पल्ल्याच्या जलतरणपटूची घडण तरणतलावात सुरू होते, पण तिथे पूर्ण होत नाही. तलावातली सर्वांत लांब ऑलिंपिक शर्यत १५०० मीटरची. ५० मीटरच्या तलावात दर ५० मीटरला भिंत येते, वळताना पायाने रेटा देता येतो आणि हातांना क्षणभर विसावा मिळतो. नागपूरने तलावातले मोठे यश पाहिले आहे. इथल्या रिझर्व्ह बँकेत नोकरी करणाऱ्या दृष्टिहीन जलतरणपटू कांचनमाला पांडे यांनी २०१७ मध्ये मेक्सिकोतल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर मेडलेचे सुवर्णपदक मिळवले. लांब पल्ल्याची वाट मात्र वेगळी आहे, आणि समुद्रापासून इतक्या दूरच्या गावात ती तळ्यापासून सुरू करावी लागते.

प्रस्तुत लेखिकेचा खुल्या पाण्यातला सराव पहाटे नागपूरच्या अंबाझरी तळ्यात झाला. खाली तळ दिसत नाही, बाजूला दोऱ्या नाहीत. आपण सरळ चाललो आहोत असे वाटत असताना अंग नकळत एका बाजूला सरकत जाते. म्हणून काही हात मारल्यावर समोरची खूण पाहायची. लेखिकेची खूण सांडव्याजवळचा विवेकानंदांचा पुतळा होता. डोके पूर्ण वर काढले की पाय बुडतात आणि वेग मोडतो. फक्त डोळे पाण्याबाहेर येतील इतकीच मान उचलायची, श्वास नंतर बाजूला वळून घ्यायचा. एवढे अंगवळणी पडायला बरेच महिने गेले.

समुद्र याहून निराळा. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या राज्यस्तरीय स्पर्धेत लेखिका प्रथम खाऱ्या पाण्यात उतरली. मीठ अंगाला वर उचलते, पाय आपोआप तरंगतात, हे सुख सुरुवातीचे. पुढे जीभ सुजते, घसा कोरडा पडतो, काखेत आणि मानेपाशी पोशाखाची शिवण घासून कातडी सोलते. व्हॅसलीन कुठे आणि किती लावायचे हे प्रशिक्षकाने आधी सांगितले होते, पण ते पटले पाण्यातून बाहेर आल्यावर. लाट डावीकडून येत असेल तर श्वास उजवीकडे घ्यावा लागतो. तळ्यात एकाच बाजूने श्वास घेण्याची सवय झालेल्यांची इथे फार दमछाक होते.

यानंतरची खरी परीक्षा धरमतर खाडी ते मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया, सुमारे ३६ किलोमीटर. इथे भरती-ओहोटीचे वेळापत्रक ताकदीइतकेच महत्त्वाचे. ओहोटीचा प्रवाह खाडीतून बाहेर पडायला मदत करतो. वेळ चुकली तर तोच प्रवाह उलटतो आणि हात चालू असूनही किनारा जवळ येत नाही. सोबतच्या होडीतून ठरावीक वेळाने पातळ, गोड पेय दिले जाते. होडीला हात लावला की पोहणे बाद. होडीतल्या माणसांचे श्रेय फार कमी वेळा सांगितले जाते. पोहणाऱ्याचे हात मंदावले, बोलणे अडखळू लागले, हे त्यांनाच आधी दिसते.

या वाटेचे सर्वांत मोठे मराठी उदाहरण पुण्याचे रोहन मोरे. त्यांनी २०१४ मध्ये इंग्लिश खाडी पार केली. पुढे नॉर्थ चॅनेल, जिब्राल्टर, कॅटालिना, मोलोकाई, त्सुगारू आणि शेवटी फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पार करून ‘ओशन्स सेव्हन’ ही सात सागरी पोहण्यांची मालिका पूर्ण करणारे ते पहिले आशियाई ठरले. इंग्लिश खाडीचा सर्वांत अरुंद भागही सुमारे ३३ किलोमीटरचा, आणि पाणी उन्हाळ्यातही साधारण १५ ते १८ अंश सेल्सिअस. नियमाप्रमाणे साधा पोशाख, टोपी आणि गॉगल एवढेच चालते. अंग गरम ठेवणारा वेटसूट चालत नाही. नागपूरच्या जानेवारीतल्या पहाटेचा सराव म्हणूनच वाया जात नाही.

स्पर्धा थांबल्यावरही या खेळातले बरेच जण पाण्याजवळच राहतात. प्रस्तुत लेखिका आता नवख्यांच्या होडीत बसते, वेळ नोंदवते आणि पेयाची बाटली दोरीने पाण्यात सोडते.