खुर्चीत बसून निसर्गचित्रण

जागेवर बसून केलेल्या जलरंगातल्या निसर्गचित्राला दोन गोष्टी लागतात: त्या जागेपर्यंत पोचणे आणि कागद ओला आहे तोवर हात चालवणे. अपंगत्व आलेल्या चित्रकाराबद्दल बोलताना लोक हाताचीच चौकशी करतात. ठाणे-कल्याण पट्ट्यात काम अडते ते मात्र पोचण्यापाशी.

हाताचा प्रश्न पुष्कळसा सुटतो. बोटांची पकड सैल झाली तर ब्रशच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून तो जाड करता येतो. खांदा उचलत नसेल तर २२ × ३० इंचांचा पूर्ण कागद सोडून पाव कागदावर यावे. तेवढ्यात आकाशाचा वॉश एका दमात उतरतो. पावसाळ्यात खाडीकाठी कागद लवकर वाळत नाही, त्यामुळे सावकाश हाताला अवधी मिळतो. मे महिन्याच्या दुपारी तोच वॉश अर्ध्यावर सुकून कड धरतो.

चाकाच्या खुर्चीमुळे चित्रच बदलते, याची दखल कमी घेतली जाते. क्षितिजरेषा नेहमी डोळ्यांच्या उंचीवर असते. उभा माणूस ठाण्यातला मासुंदा तलाव साधारण पाच फुटांवरून पाहतो, खुर्चीतला चार फुटांवरून. तेवढ्याने पाण्याचा पट्टा चिंचोळा होतो आणि काठाचे रेलिंग थेट दृश्याच्या मध्ये येते. ते रंगवावे हेच बरे. गाळले की चित्र उभ्या माणसाचे होते.

राहिले पोचणे. डोंबिवलीहून ठाणे लोकलने अर्ध्या तासाच्या आत येते, पण लोकलमध्ये चढायचे कसे? दिव्यांग डबा असतो. फलाट आणि डबा यांतली फट आणि उंचीचा फरक मात्र खुर्चीला एकट्याने पार होत नाही. उचलायला दोन माणसे लागतात. डबा थांबतो तो काही सेकंद. आत धडधाकट माणसे दारात उभी असली तर तेवढेही मिळत नाहीत. सरकायला सांगितले की ‘पुढच्या गाडीने या’ असे उत्तर मिळते, आणि पुढच्या गाडीलाही दारात माणसे असतातच. कायदा नाही असे नाही: दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्याची त्यातली पाच वर्षांची मुदत जून २०२२ मध्ये संपली. सुगमतेचे निकष नुसत्या शिफारशी ठरवणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष आखायला सांगितले. चित्रकाराला निकष नकोत, पट्टी हवी: फलाटावरून डब्यात टाकायची फळी.

जागेवर जाण्याचा हा हट्ट आवश्यकच आहे, असेही नाही. वासुदेव गायतोंडे निसर्गचित्रकार नव्हते, पण उदाहरण इथे लागू पडते. १९८४ मध्ये दिल्लीत रिक्षाच्या अपघातात ते जबर जखमी झाले आणि मोठे कॅनव्हास काही वर्षे बंद पडले. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने छोटी कामे केली. नंतर ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. त्या शाईच्या कामांना तडजोड म्हणणे अवघड आहे.

डोंबिवलीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला मलंगगडाची रांग गॅलरीतूनच मिळते, समोर टॉवर उभा राहीपर्यंत.