उंचीची पट्टी

खोपोलीजवळ, सह्याद्रीच्या पायथ्याशी २०१३ साली ‘इमॅजिका’ सुरू झाले. गेल्या दिवाळीत वहीपूजन आटोपल्यावर आम्ही दोन्ही मुलांना घेऊन तेथे गेलो. मोठ्या खेळांच्या दाराशी वय कोणी विचारत नाही, उंची मोजतात. ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरपाशी पाच वर्षांचा धाकटा पट्टीखालीच राहिला आणि रडू लागला. बारा वर्षांचा थोरला मात्र उंचीत बसला. रांगेत मी त्याचा हात धरला, तर तळवा घामाने ओला! ‘नको’ म्हणण्याची त्याला लाज वाटत होती. आम्ही मुकाट्याने रांगेबाहेर आलो. पुढे गोल फिरणाऱ्या घोड्यांवर दोघेही मनमुराद हसले.

चूक आमचीच होती. निघण्यापूर्वी घरीच उंची मोजून, कोणत्या खेळात बसता येईल आणि कोणत्या नाही, हे धाकट्याला सांगावयास हवे होते. थोरल्याला तर त्याची इच्छाही आम्ही विचारली नव्हती. मूल नकार ऐकून घेऊ शकते आणि न लाजता ‘मला भीती वाटते’ असे सांगू शकते, तेव्हाच ते अशा सहलीजोगे झाले, असे आता वाटते.